सकाळी अडकणारा, दुपारी चालणारा: एका डेस्कटॉपची तपासणी

आत्याचा फोन आला तेव्हा तिचं पहिलंच वाक्य होतं, "अरे, फॉरमॅट मारूनही हा तसाच." हा म्हणजे तिचा डेस्कटॉप. आत्या मुद्रितशोधनाचं काम करते आणि दिवसाचे सात-आठ तास या मशीनसमोर बसते. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, लोगो येतो, त्याखाली ठिपक्यांचं कडं फिरायला लागतं आणि मध्येच थिजतं. कधी कडं दिसायच्या आधीच सगळं थांबतं, कधी पासवर्ड टाकून झाल्यावर. एखाद्या दिवशी निळा पडदा येतो, एखाद्या दिवशी मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र नीट लागतं, आणि एकदा लागलं की रात्रीपर्यंत काही कुरबूर नाही.

तिचं हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. सगळी मेख तिथेच होती.

मशीन ७ वर्षांपूर्वी सुटे भाग आणून जुळवलेलं. चार कोरचा प्रोसेसर, ८ जीबीच्या २ रॅम, विंडोज १० असलेली २४० जीबीची एसएसडी, जुन्या फायलींसाठी १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क, वेगळी वायर न लागणारं छोटं ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेट टेबलाच्या खालच्या खणात, आणि त्या खणाला दार.

माझ्याआधी एक टेक्निशियन दोनदा येऊन गेला होता. पहिल्या खेपेला त्याने विंडोज नव्याने टाकली. संध्याकाळी मशीन चारदा बंद-चालू करून दाखवलं, चारही वेळा लागलं, तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्याने रॅम काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, परत बसवल्या, पुन्हा चारदा लावून दाखवलं. त्या दिवशी ठीक, पुढच्या सकाळी पुन्हा तेच. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या काही दिवसांत मीही नेमकी तीच चूक केली, फक्त जरा जास्त शास्त्रशुद्ध दिसेल अशा पद्धतीने.

मी गेलो ते संध्याकाळी. मशीन चालू होतं, म्हणून पहिलं काम केलं ते तिच्या कामाच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याचं. सुरू होताना रडणारं मशीन चालू अवस्थेत हाती लागलं, तर ते 'एकदा रीस्टार्ट करून बघू' म्हणून बंद करू नये. पुढची सुरुवात शेवटची ठरू शकते, आणि दुरुस्तीच्या खटपटीत डेटा गेला तर मशीन नीट झाल्याचं कौतुक कुणाला नसतं.

मग नोंदी बघितल्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१' या लाल नोंदींची रांग होती. या नोंदीच्या नावात 'पॉवर' आहे म्हणून बरेच जण ती वाचतात आणि लगेच एसएमपीएस बदलायला निघतात. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. अडकलेलं मशीन तुम्ही बटण दाबून धरून बंद केलंत, तरी हीच नोंद पडते. तिच्या तपशिलात बगचेकचा, म्हणजे निळ्या पडद्याच्या कारणाचा, आकडा असतो. तो शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा नोंदवण्याइतकीही सवड मिळाली नाही, असा अर्थ. इथे बहुतेक नोंदींत शून्य होतं. जिथे निळ्या पडद्याची नोंद झाली होती तिथे तीन वेगवेगळी कारणं: एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', दोनदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'व्हीआ अनकरेक्टेबल एरर'.

पहिली दोन रॅमकडे बोट दाखवतात, तिसरं हार्डवेअरकडे. मी रॅम धरली. रात्री १० वाजता पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला आणि आत्याला सांगितलं, सकाळपर्यंत हात लावू नकोस. सकाळी पडद्यावर चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. एसएसडी आणि हार्ड डिस्क या दोन्हींचे 'स्मार्ट' आकडेही, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तपासले. रीअॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्य, केबल सैल असली की वाढतो तो सीआरसीचा आकडाही जागच्या जागी. डिस्क निर्दोष, रॅम निर्दोष.

त्या सकाळी मशीन पहिल्याच वेळी लागलं. "बघ, तू नुसता हात लावलास आणि सुधारला," असं आत्या म्हणाली. मलाही ते खरं वाटलं, हे कबूल करतो. रात्रभर चाचणी चालू असल्यामुळे मशीन बंदच झालं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या सकाळी ते पुन्हा अडकलं. फोनवर मी तिला सांगितलं, "थिजलं की कीबोर्डवरचं नम लॉक दाब आणि दिवा बघ." तो दिवा कीबोर्ड आपणहून लावत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमने सांगितल्यावर लावतो. पडदा थिजला असून दिवा लागत-विझत असेल तर आत सिस्टिम जिवंत आहे, अडचण ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची किंवा एखाद्या प्रोग्रॅमची असू शकते. आत्याने पाच-सहा वेळा दाबून पाहिलं. "नाही रे, ढिम्म." म्हणजे पार मुळापासून थिजलेलं.

आता माझा दुसरा संशय. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तुम्ही शट डाऊन करता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवरच्या एका फायलीत जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्टला मात्र ही सोय वापरली जात नाही, तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे 'रीस्टार्ट केलं की ठीक, शट डाऊन करून लावलं की अडकतं' असं लक्षण असेल तर फास्ट स्टार्टअपवर संशय घेणं रास्त आहे. आत्याचं मशीन रीस्टार्टला कधीच अडकत नव्हतं. मी खूश झालो, सोय बंद केली, तीनदा शट डाऊन करून लावून दाखवलं आणि घरी गेलो.

सकाळी फोन. "चौथ्या वेळी लागला. निळा पडदा एकदा."

त्या दिवशी मी कुठलाही नवा उपाय घेऊन गेलो नाही, म्हटलं नीट विचारावं. आत्याने टेबलावरची वही पुढे केली. मुद्रितशोधकाची सवय: कुठली चूक कुठल्या पानावर, हे लिहून ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. २३ दिवसांच्या नोंदी होत्या, आणि नुसत्या सकाळच्या नाहीत, प्रत्येक सुरुवातीच्या.

"मंगळ. स. ७: ४थ्या वेळी. गोल फिरताना. दु. ३: लगेच.
बुध. स. ७: ३ऱ्या वेळी. निळा. 'दुरुस्ती करतो आहे' असं म्हणत बसला, मग लागला. दु. ३: लगेच.
गुरु. स. साडेपाच: लगेच (!)"

गुरुवारच्या उद्गारचिन्हाबद्दल विचारलं तर म्हणाली, "त्या रात्री काम तुंबलं होतं. दोनला बंद केला आणि पहाटे पुन्हा बसले." २३ सकाळींपैकी २० सकाळी पहिला प्रयत्न फसला होता. उरलेल्या ३ सकाळी अशाच, अपुऱ्या झोपेच्या. दुपारी जेवणानंतर लावलेलं मशीन एकदाही अडकलेलं नव्हतं.

फॉरमॅट, रॅम घासणं, मेमटेस्ट, फास्ट स्टार्टअप हे चारही उपाय एकाच प्रकारे तपासले गेले होते, चालून चालून गरम झालेल्या मशीनवर. बिघाड थंड मशीनमध्ये होता. संध्याकाळी काहीही केलं असतं, अगदी कॅबिनेटला नमस्कार केला असता, तरी मशीन चारदा लागलंच असतं.

बुधवारच्या नोंदीतली 'दुरुस्ती' हाही त्यातलाच प्रकार. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू व्हायला फसली की पुढच्या वेळी आपणहून 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा पडदा आणते. तो पडदा काही मिनिटं चक्र फिरवतो, मग मशीन लागतं. टेक्निशियनला आणि आत्यालाही वाटत होतं की विंडोज रोज सकाळी काहीतरी दुरुस्त करते आहे, म्हणजे दोष विंडोजचा. खरं तर त्या काही मिनिटांत मशीन फक्त तापत होतं.

अंदाज आणि खात्री यांत फरक असतो, म्हणून फास्ट स्टार्टअप बंदच ठेवून वेळ बदलत गेलो. १० मिनिटं बंद ठेवलं: लागलं. २ तास: लागलं. रात्रभर, ९ तास: अडकलं. विंडोजच्या दृष्टीने या तिन्ही सुरुवाती सारख्याच होत्या. बदलत होतं ते फक्त तापमान.

बायोसमधलं घड्याळ

आणखी एक गोष्ट मी आधीच ओळखायला हवी होती. सॉफ्टवेअरचा दोष सहसा एका जागी अडकतो: तोच ड्रायव्हर, तीच सेवा, तीच पायरी. इथे अडकण्याची जागा रोज वेगळी होती. दोष असा भटकत असेल तर तो सहसा विंडोजच्या खालच्या थरात असतो.

ते पडताळायला दुसऱ्या सकाळी मी स्वतः हजर राहिलो. थंड मशीन, बटण दाबलं, लोगो दिसताच डिलीट दाबत राहिलो आणि सरळ बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यात, शिरलो. इथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, एसएसडीवरून काही वाचलं जात नाही. बायोसच्या पहिल्या पानावर तारीख आणि वेळ असते, सेकंदांसकट. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली. आम्ही दोघं नुसते ते सेकंद बघत होतो. ३५, ३६, ३७. सदतीसवर थांबलं. बाण दाबले, काही नाही. एस्केप, काही नाही. पंखा मात्र इमानेइतबारे फिरत होता.

"म्हणजे विंडोजची चूक नव्हतीच," आत्या म्हणाली.

नव्हतीच. एका झटक्यात विंडोज, ड्रायव्हर आणि व्हायरस हे सगळे संशयित सुटले. उरले मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस. ज्या कुणाचं मशीन सुरुवातीला अडकतं त्याने सगळ्यात आधी हीच चाचणी करावी, असं माझं आता मत आहे. खर्च शून्य, वेळ १० मिनिटं. बायोसमध्ये नीट उभं राहणारं मशीन विंडोजमध्येच अडकत असेल, तर खुशाल ड्रायव्हर आणि सेफ मोडच्या मागे लागा. बायोसमध्येच अडकलं तर फॉरमॅट मारणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं.

दिवसाला एकच प्रयोग

इथून पुढची अडचण वेगळी होती. बिघाड फक्त रात्रभर थंडावलेल्या मशीनवर दिसतो, म्हणजे दिवसाला एकच प्रयोग. पहिला प्रयत्न झाला की मशीन तापलं, त्या दिवसाची संधी संपली. एरवी मी एकेक भाग काढून घालून बघितलं असतं. इथे तसं केलं तर पंधरवडा जाणार, म्हणून एकदम निम्मे भाग काढायचे ठरवले.

पहिली सकाळ: ग्राफिक्स कार्ड काढलं आणि मॉनिटर मदरबोर्डच्या जोडणीवर लावला, हार्ड डिस्क काढली, एकच रॅम ठेवली. मशीन पहिल्याच वेळी लागलं.

म्हणजे दोष काढलेल्या तीन भागांपैकी एकात, असा निष्कर्ष कुणीही काढेल. मीही काढला. दुसऱ्या सकाळी फक्त ग्राफिक्स कार्ड परत घातलं: लोगोवरच अडकलं. "सापडला चोर," मी म्हणालो. आत्याने वहीत लिहिलं आणि म्हणाली, "उद्या कार्ड काढून बाकीचं घालून बघ. एकाच प्रतीवरून चूक ठरवू नये."

तिचं ऐकलं म्हणून वाचलो. तिसऱ्या सकाळी कार्ड बाहेर, हार्ड डिस्क आणि दुसरी रॅम आत. चोर बाहेर असूनही मशीन एकदा अडकलं, दुसऱ्या वेळी लागलं.

आता कार्डही दोषी आणि कार्ड नसतानाही दोष, हे कसं? भाग म्हणून विचार केला तर कोडं सुटत नाही, भार म्हणून केला तर लगेच सुटतं. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात, त्यातला बहुतेक वाटा १२ व्होल्टच्या वाहिनीवरून. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत असताना फारसं काही घेत नाही, पण थांबलेल्या तबकड्यांना वेग देताना काही सेकंद १२ व्होल्टवरून २ अॅम्पिअरच्या आसपास ओढते. दोन्ही काढले तेव्हा भार किमान होता आणि मशीन तरलं. यातलं काहीही घातलं की भार वाढतो आणि थंड मशीन कोसळतं. कुठला भाग घातला याला महत्त्व नव्हतं. प्रश्न होता ओझं उचलणाऱ्याचा.

ओझं उचलणारे दोघं: एसएमपीएस, आणि मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवती बसलेली व्होल्टेज नियंत्रणाची साखळी. मदरबोर्डवर टॉर्च मारून पाहिलं. तिथले कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारे छोटे डबे) घन पॉलिमरचे, सपाट माथ्याचे, एकही फुगलेला नाही. या जातीचे कपॅसिटर थंडीने फारसे बदलत नाहीत. संशय एसएमपीएसवर आला.

मल्टिमीटरने दिलेलं चांगलं चालचलन प्रमाणपत्र

चौथ्या सकाळी सगळे भाग आत घालून मल्टिमीटर लावला. हार्ड डिस्कच्या जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये काळी सळई काळ्या वायरीत, लाल सळई पिवळ्या वायरीत. थंड असताना ११.७१ व्होल्ट. मशीन अडकलं तेव्हाही ११.७ च्या आसपासच. अर्ध्या तासाने, मशीन चालू लागल्यावर, ११.९४. हे मशीन जुळवलं तेव्हाच्या एटीएक्स मानकात (डेस्कटॉपच्या एसएमपीएसचे नियम) या वाहिनीला ५ टक्क्यांची मुभा होती, म्हणजे ११.४० ते १२.६० मध्ये काहीही चालतं. म्हणजे एसएमपीएस पास.

इथे बरेच जण थांबतात, आणि हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का बघणारे तर त्याही आधी थांबतात. त्या जोडणीने एवढंच कळतं की भार नसताना एसएमपीएस सुरू होतो. मल्टिमीटर डीसीवर लावला की तो सरासरी दाखवतो. सेकंदाच्या हजाराव्या, लाखाव्या भागात व्होल्टेज खाली-वर होत असेल तर त्याला ते दिसतच नाही. एटीएक्स मानकात या तरंगालाही मर्यादा आहे: १२ व्होल्टवर शिखरापासून तळापर्यंत १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ व्होल्टवर ५०. तो मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. माझ्याकडे नव्हता. म्हणून साधा मार्ग: चांगला असल्याची खात्री असलेला एसएमपीएस लावून बघणे.

माझ्या स्वतःच्या मशीनमधला ५५० वॅटचा काढून आणला. प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज उतरवला, २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा वेगळा कनेक्टर असे दोन्ही बदलले. हा दुसरा विसरला की मशीन मुळीच लागत नाही आणि माणूस नव्या एसएमपीएसलाच बोल लावतो. आणखी एक सावधगिरी: सुट्या केबलांचा एसएमपीएस असेल तर केबलही त्याच्याच वापरायच्या. दोन मॉडेलांच्या केबलांची टोकं एकमेकांत बसतात, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते. तसं झालं तर डिस्क जळू शकते.

सगळे भाग आत, ग्राफिक्स कार्डही. रात्रभर बंद. सकाळी पहिल्याच वेळी लागलं. दुसऱ्या सकाळीही. सलग ५ सकाळी.

सहाव्या संध्याकाळी मी जुना एसएमपीएस परत लावायला घेतला तेव्हा आत्या चिडली. "अरे, चालतंय तर हात कशाला लावतोस?"

"एसएमपीएस बदलताना सगळे कनेक्टरही काढून घातले ना मी. कशावरून एखादा सैल कनेक्टर घट्ट बसल्याने सुटलं नसेल? रॅम घासली तेव्हाही तुला असंच वाटलं होतं."

ती काही बोलली नाही, पण वही उघडून ठेवली. सकाळी जुन्या एसएमपीएसवर मशीन लोगोवर थिजलं, नम लॉक ढिम्म. आमच्याकडे एरवी 'अडकला' ही बातमी रडत सांगितली जायची, त्या दिवशी तिने ती जवळजवळ आनंदाने लिहिली. दोष हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो, इथवर आल्याशिवाय मी कुठलंही मशीन दुरुस्त झालं म्हणत नाही.

थंडीच का

एसएमपीएसमध्ये वायरींचा जुडगा जिथून बाहेर पडतो तिथे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची रांग असते. त्यांचं काम आतून येणारा खडबडीत प्रवाह गुळगुळीत करणं आणि भार अचानक वाढला की क्षणभर पदरचं देणं. यांच्या आत द्रव इलेक्ट्रोलाइट असतो. वर्षानुवर्षं तापून तो सुकत जातो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. आत्याचं कॅबिनेट ७ वर्षं बंद खणात स्वतःचीच गरम हवा फिरवत होतं.

थंड असताना इलेक्ट्रोलाइट घट्ट होतो, त्यातले आयन सावकाश हलतात आणि आधीच वाढलेला रोध आणखी वाढतो. धडधाकट कपॅसिटरला याने काही होत नाही. काठावर आलेल्याला एवढं पुरतं. सुरुवातीच्या काही सेकंदांत प्रोसेसर, कार्ड आणि हार्ड डिस्क झटके देत वीज मागतात, कपॅसिटरला ते भरून काढता येत नाही, व्होल्टेजला खळगे पडतात आणि कुठेतरी एखादा बिट चुकीचा वाचला जातो. तो ज्याच्या हाती लागतो तो तक्रार करतो. तीन-चार प्रयत्नांत कपॅसिटर स्वतःच्याच उष्णतेने ऊबदार होतात, रोध उतरतो, दिवस निभतो.

'मेमरी मॅनेजमेंट' हे नाव मला आठवडाभर रॅमभोवती फिरवत राहिलं ते यामुळे. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरोबरच आहे. चूक मला एकशेबारा पानावर सापडते, पण ती केलेली असते अक्षरजुळणीत." निळ्या पडद्यावरचं नाव म्हणजे चूक सापडल्याचं पान. त्यासाठी अक्षरजुळणी करणाऱ्यालाच जाब विचारायला हवा. रॅम, डिस्क, कार्ड, सगळ्यांच्या तक्रारी आळीपाळीने येत असतील तर या सगळ्यांना जे पोसतं त्याच्याकडे बघावं.

काढलेल्या एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्चने आत पाहिलं. वायरींच्या बाजूच्या दोन कपॅसिटरांचे माथे पुरीसारखे फुगलेले, एकाच्या माथ्यावर तपकिरी चिकट डाग. धुळीचा थर इतका की पंख्याची पाती करडी दिसत होती. जाळीतून बघितलं तेवढं पुरे. एसएमपीएस उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. दोन कपॅसिटर बदलून तो पुन्हा चालवणारे कुशल लोक आहेत, पण ७ वर्षांच्या एसएमपीएसमध्ये बाकीचे कपॅसिटरही त्याच वयाचे असतात.

नवा घेताना ५५० वॅटचाच निवडला. या मशीनला एवढे वॅट लागत नाहीत, पण निम्म्या भारावर चालणारा एसएमपीएस कमी तापतो. खोक्यावर '८० प्लस'ची खूण असते तिचा संबंध कार्यक्षमतेशी आहे. कपॅसिटर किती टिकतील हे ती सांगत नाही, त्यासाठी कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे आहेत का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघितलं.

एसएमपीएस बदलला तरी एक किरकोळ काम उरलं. पंचवीस-तीस सकाळी बटण दाबून धरून बंद केलेल्या मशीनच्या फायली शाबूत असतील असं गृहीत धरता येत नाही. विंडोजमधल्याच चेकडिस्कने एसएसडीवरच्या काही चुकलेल्या नोंदी दुरुस्त केल्या. मग विंडोजच्या फायली तपासणाऱ्या दोन आज्ञा, आधी डिझम आणि त्यानंतर एसएफसी, याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली उचलते तो साठाच आधी डिझमने ठीक करावा लागतो. एसएफसीला तीन बिघडलेल्या फायली मिळाल्या, त्या तिने बदलल्या. हेच काम जुन्या एसएमपीएसवर केलं असतं तर दुसऱ्या सकाळी नव्या तीन बिघडल्या असत्या.

कॅबिनेट आता खणाबाहेर, टेबलाच्या बाजूला उभं आहे. आत्याला ते दिसायला आवडत नाही, पण खणाचं दार काढायला ती तयार झाली नाही.

जुना एसएमपीएस ई-कचऱ्यात द्यायचा म्हणून बाजूला ठेवला होता. दोन दिवसांनी गेलो तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. तिच्यावर निळ्या शाईत '४५० वॅट' लिहून त्यावर लाल पेनाने आडवी रेघ, आणि समासात मुद्रितशोधनातली 'काढून टाका'ची खूण.